सरकारी सॉफ्टवेअर वीस वर्षं टिकवायचं असेल तर प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती निवडावी?

काळी माती

मंडळी, एका नगरपरिषदेच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या सॉफ्टवेअरचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. आता ते नव्यानं लिहायचं ठरलंय आणि भाषेवरून बैठकीत रोज वाद होतोय. म्हणून हा धागा काढतोय.

जुनं सॉफ्टवेअर २००३ चं. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या भाषेत लिहिलेलं, खाली ॲक्सेस हा डेटाबेस. ॲक्सेसची एक फाइल दोन जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून मधल्या काळात कुणीतरी प्रभागनिहाय चार फाइली केल्या. घर एका प्रभागातून दुसऱ्यात गेलं की त्याची नोंद हातानं हलवावी लागते. लिहून देणारी संस्था कधीच बंद पडली. पहिल्या दिवशी मी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर, मागितला तर कपाटातून एक सीडी निघाली. तिच्यात इन्स्टॉलर होता, कोड नव्हता.

खरी अडचण आली शास्ती माफीच्या वेळी. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते हे सॉफ्टवेअरला माहीत होतं. ती अमुक तारखेपर्यंत भरणाऱ्याला माफ करायची, हे त्याला शिकवायला कुणीच नव्हतं. वसुली विभागातल्या बाई रोज रात्री आठपर्यंत बसून प्रत्येक खातेदाराची शास्ती एक्सेलमध्ये काढायच्या आणि 'सूट' म्हणून एक खोटी पावती नोंदवायच्या. त्या खोट्या पावत्या आजही डेटात आहेत. लेखापरीक्षणात दर वर्षी त्यांवर शेरा येतो आणि दर वर्षी बाईच उत्तर लिहितात.

व्हीबी ६ आलं १९९८ ला आणि मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार एप्रिल २००८ मध्ये पूर्ण काढून घेतला. म्हणजे आमचं सॉफ्टवेअर पाच वर्षांचं असतानाच त्याची भाषा वारली. मायक्रोसॉफ्टच्याच फॉक्सप्रो या भाषेचंही तेच. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की पुढची आवृत्ती निघणार नाही, आणि जानेवारी २०१५ ला उरलासुरला आधारही गेला. तयार एक्झी, म्हणजे चालवायची फाइल, मात्र नव्या विंडोजवरही चालते. चालते म्हणून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, आणि जेव्हा एक ओळ बदलायची वेळ येते तेव्हा हातात काहीच नसतं.

माझं आत्ताचं मत असं: जी भाषा एकाच कंपनीच्या मर्जीवर जगते ती सरकारी कामाला नको. जुना कोड नव्या आवृत्तीवर न रडता चालला पाहिजे. आणि तालुक्याच्या ठिकाणी बीसीए झालेल्या मुलाला तो वाचता आला पाहिजे. या तिन्हींत मला जावा बसते. तुमचे अनुभव सांगा.

सेमीकोलन

जावाला माझं मत. आमच्याकडे २००६ साली बांधलेली जार फाइल (जावाचा तयार प्रोग्रॅम) अजून रोज रात्री चालते, तिला कुणी हात लावलेला नाही. सरकारी कामातही पाहा: ओळखपत्रांच्या प्रणालीसाठी बंगळुरूच्या आयआयआयटीत तयार झालेलं मोसिप जावात आहे. नगरपालिकांसाठीच्या डिजिट या मुक्त मंचाच्या सेवाही मुख्यतः जावातच आहेत. म्हणजे तुमच्या कामाच्या अगदी जवळचं.

एक सावधगिरी. २०१९ पासून जावाची मालक कंपनी ओरॅकलनं जावा ८ च्या व्यावसायिक वापरासाठी नव्या दुरुस्त्यांना पैसे लावले. निविदेत 'ओपनजेडीके' (जावाची मुक्त आवृत्ती) असं स्पष्ट लिहा, नाहीतर ठेकेदार सवयीनं ओरॅकलचं टाकेल आणि परवान्याची नोटीस मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर येईल.

पिंपळपान

जावा टिकते हे खरं, पण तिच्या आजूबाजूचं टिकत नाही. ई-निविदा भरताना डिजिटल सहीसाठी जावा ॲपलेट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागायचं ते दिवस आठवा. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमनं ती सोय कायमची काढली, २०१७ मध्ये फायरफॉक्सनं. त्यानंतर कितीतरी कार्यालयांत एक संगणक 'सहीचा संगणक' म्हणून वेगळा ठेवलेला मी पाहिलाय. जुनं ब्राउझर, जुनी जावा, अपडेट बंद. ज्यावर कोट्यवधींच्या निविदा उघडतात तोच कार्यालयातला सगळ्यात असुरक्षित संगणक.

दुसरं उदाहरण ताजं आहे. मोठ्या प्रणालींसाठीच्या एंटरप्राइझ जावात 'जावाएक्स' नावाची पॅकेजं (तयार कोडचे गठ्ठे) होती. २०२० मध्ये त्यांचं नाव बदलून 'जकार्ता' झालं. स्प्रिंग बूट ३ ही जावावरची चौकट (तयार सांगाडा) घ्यायची तर शेकडो फाइलींत नावं बदला. भाषेनं काही मोडलं नव्हतं, चौकटीनं मोडलं. तेव्हा 'जावा' असं लिहून भागणार नाही. जावा आणि त्यावर किती ओझं, हेही ठरवा.

काळी माती

पिंपळपान, मान्य. ॲपलेटचा त्रास मीही काढलाय. भाषेकडे बघताना ती कुठे बसवली आहे याकडे माझं दुर्लक्ष झालं होतं.

वकिलीण

मी प्रोग्रॅमर नाही, जिल्हा न्यायालयात वकिली करते. पण रोज वापरते म्हणून लिहिते. आमच्याकडचं केस इन्फर्मेशन सिस्टिम एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पुण्याच्या चमूनं बनवलेलं आहे. पीएचपी ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांवर, आणि न्यायालयातले संगणक विंडोजऐवजी उबंटूवर. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत तेच. सुरुवातीला उबंटू पाहून बेलिफापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे घाबरले होते. आता कुणी त्याचा विषयही काढत नाही.

माझा प्रश्न असा की पीएचपीला इथं कुणी नाव का घेत नाही? इतकी मोठी गोष्ट त्यावर चालते आहे.

सेमीकोलन

ताई, पीएचपी वाईट नाही. पण २०१५ अखेर पीएचपी ७ आलं तेव्हा मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शनंच काढून टाकली गेली. ज्यांनी ती वापरली होती त्यांचं सगळं अडलं. मग कार्यालयं पीएचपी ५.६ वरच राहिली, आणि त्याचा सुरक्षा आधार २०१८ च्या शेवटी संपला.

पिंपळपान

न्यायालयांचं टिकलं त्याचं कारण पीएचपी आहे असं मला वाटत नाही. कोड ज्यांनी लिहिला तेच त्याचे मालक आहेत आणि चमू जागेवर आहे. पाच वर्षांचा ठेका संपला की कोड सोडून जाणारा ठेकेदार मध्ये नाही. हीच माणसं जावात लिहीत असती तरी टिकलं असतं.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितोय. एप्रिल २०२० मध्ये आमचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत कोबोल ही जुनी भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांची मागणी केली होती. कोविडमुळे बेरोजगार भत्त्याचे अर्ज अचानक वाढले आणि चाळीस वर्षांहून जुन्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांना पेलवेनात. माझ्या इमारतीतल्या दोन कुटुंबांना भत्ता मिळायला कित्येक आठवडे लागले. टीव्हीवर सगळे कोबोलला दोष देत होते.

मला तो दोष अन्यायाचा वाटतो. कोबोलचं काम १९५९ मध्ये सुरू झालं आणि पैशांच्या हिशेबासाठी दशांश गणित तिच्यात पहिल्यापासून आहे. आजच्या जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून पाहा, नेमकी ०.३ येत नाही. भाषा तिचं काम चोख करत होती. ज्यांना ती येत होती ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणाला बसवलं गेलं नाही. २०१६ च्या अमेरिकी लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात होतं की केंद्र सरकारच्या आयटी खर्चातला सुमारे तीन चतुर्थांश भाग जुनं चालू ठेवण्यात जातो. करखात्याची मुख्य नोंदवही तर असेम्ब्ली या यंत्राजवळच्या भाषेत लिहिलेली, तेव्हाच छप्पन्न वर्षांची.

आणि 'सरकारनं एक भाषा ठरवून द्यावी' असं कुणी म्हणण्याआधी एडा या भाषेची गोष्ट सांगतो. १९७० च्या दशकात इथल्या संरक्षण खात्यात साडेचारशेहून जास्त भाषा वापरात असल्याचं धरलं जायचं. म्हणून त्यांनी स्वतःची भाषा करवून घेतली. तिचं प्रमाण १९८३ चं, क्रमांक १८१५, कारण पहिली प्रोग्रॅमर मानल्या जाणाऱ्या एडा लव्हलेसचा जन्म १८१५ चा. पुढे ती सक्तीची केली. भाषा उत्तम होती. बोइंग ७७७ मध्ये ती आहे. पण खात्याबाहेर ती फार थोडे शिकले, साधनं महाग राहिली, आणि १९९७ मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. चांगली भाषा असूनही बाजारात माणसं नसतील तर हुकुमानं ती तयार होत नाहीत.

काळी माती

हडसनकाठ, एडाचं मला माहीत नव्हतं. आमच्या बैठकीत एकानं रस्ट ही नवी भाषा सुचवली होती, सुरक्षित आहे म्हणून. त्याला हेच सांगणार आहे. सुरक्षित आहे हे मान्यच, पण आमच्या जिल्ह्यात ती वाचणारे मला दोन सापडले, आणि दोघंही पुण्याला निघालेत.

निवृत्त महसूल

सर्वांना नमस्कार. मी महसूल खात्यात होतो. सातबारा संगणकीकरणाच्या पहिल्या दिवसांपासून ते ई-फेरफारपर्यंत माझी नोकरी झाली. आपण सर्व जण जावा की पीएचपी यावर बोलत आहात, पण आम्हाला ज्या भाषेने सर्वाधिक छळले ती मराठी होय. म्हणजे मराठी साठवण्याची पद्धत.

सुरुवातीला देवनागरीसाठी संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड होते, नंतर फॉन्ट आले. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. पडद्यावर 'पाटील' दिसे, पण फाइलीत रोमन अक्षरांचा काला असे. फॉन्ट गेला की नाव गेले. युनिकोड या सर्वांना सामायिक पद्धतीत रूपांतर करताना रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हमखास चुकत. चुकलेले नाव म्हणजे सातबारावर चुकलेला खातेदार, आणि दुरुस्तीसाठी त्या शेतकऱ्याने तहसीलला घातलेल्या फेऱ्या. त्या फेऱ्या मी समोर बसून पाहिल्या आहेत.

युनिकोड आल्यावरही प्रश्न सुटला नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत लोकांनी 'अ' वर चंद्र टंकलेला आहे. दोन्ही दिसायला सारखे, पण यंत्राला वेगळे. आजही 'ॲड.' असे शोधले तर जुन्या नोंदी येत नाहीत. तसेच 'कऱ्हाड'. एका पद्धतीत नुक्ता असलेला ऱ, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याची रीत) या दोन्ही जोड्या एक करत नाही. ते आपणच लिहावे लागते.

क्षेत्राचेही सांगतो. सातबारावर ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. एका ठिकाणी कुणीतरी ते अक्षरे म्हणून साठवले होते, दुसऱ्या ठिकाणी दशांश संख्या म्हणून. पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) वजा करताना एका गावात बेरीज जुळेना, तीन महिने गेले. भाषा कोणतीही घ्या. नावे आणि मोजमापे कशी साठवायची याचा कागद आधी करा. आमच्या नोकरीत प्रोग्रॅम चार वेळा बदलले. डेटा तोच राहिला.

सेमीकोलन

काका, हे फार मोलाचं. त्यात एक तांत्रिक भर घालतो. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या रीतीत, पंधरा बाइट घेतो. पीएचपीचं लांबी मोजणारं साधं फंक्शन पंधरा सांगतं, पायथन ३ पाच सांगतं, आणि वाचणारा माणूस तीन अक्षरं मोजतो. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये नावाचा रकाना तीसचा ठेवला आणि बाइट की अक्षर ते सांगितलं नाही, तर सहसा तीस बाइट धरले जातात, म्हणजे मराठीत जेमतेम दहा वर्ण. एवढ्यात 'ज्ञानेश्वर' कसंबसं मावतं, आडनावाला जागाच उरत नाही. पायथन २ चं ३ होताना सगळ्यात जास्त मोडतोड याच जागी झाली, आणि २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

नवा कोंब

मी दोन वर्षांपूर्वी पदवीधर झालो. तुम्ही सगळे जुन्याच भाषांबद्दल बोलताय. गो ही भाषा घ्या ना. मार्च २०१२ ला गो १ आलं तेव्हाच त्यांनी लिहून दिलं की १ च्या मालिकेत जुना कोड मोडणार नाही, आणि तो शब्द पाळलाय. सगळं मिळून एकच फाइल तयार होते, तालुक्याच्या सर्व्हरवर नुसती ठेवायची. पडद्यांसाठी, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागासाठी, रिॲक्ट.

पिंपळपान

गोबद्दल तुझं बरोबर आहे, मी हरकत घेणार नाही. पडद्यांचं मात्र वेगळं. रिॲक्टसारखंच पडद्यांसाठीचं अँग्युलरजेएस २०१० ला आलं आणि २०२१ च्या शेवटी संपलं. जवळपास अकरा वर्षं, आणि हे त्या जगात दीर्घायुष्य. पडदे दहा वर्षांत बदलणारच असं धरून चालावं. मग घरपट्टीचा एकही नियम पडद्यात लिहायचा नाही. करयोग्य मूल्य, वृक्ष कर, शिक्षण कर, शास्ती, सगळं मागे एका जागी. मी तर म्हणतो, दर कोष्टकात ठेवा आणि प्रत्येक दराला 'पासून' आणि 'पर्यंत' तारीख. दर चार वर्षांची चतुर्थ वार्षिक आकारणी आली की नवा दर नव्या तारखेनं घालायचा, जुना पुसायचा नाही.

हडसनकाठ

'वीस वर्षं टिकवायचं' या शीर्षकावरच मला प्रश्न आहे. एस्टोनियात सरकारनं तत्त्व ठरवलं होतं की महत्त्वाची कोणतीही प्रणाली तेरा वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे पाडून बांधायचं आधीच ठरलेलं, त्याचा पैसाही आधीच धरलेला. वीस वर्षं टिकवायच्या नादात आपण पुन्हा मेनफ्रेमच उभा करतो.

काळी माती

एस्टोनियाला ते जमतं, कारण तिथे पुढच्या बांधकामाची तरतूद होते. आमच्या नगरपरिषदेत एकदा मंजुरी मिळायलाच सहा वर्षं लागली. तेरा वर्षांनी पाडायचं असं मी लिहीन, पण प्रत्यक्षात ते वीस वर्षं चालणार हे मला माहीत आहे, आणि तेव्हा खिडकीवर ज्या बाई बसतील त्यांची मला काळजी आहे.

आपल्या रेल्वेचंच पाहा. तिकीट आरक्षणाची प्रणाली २०१० ची, इंटेलच्या इटॅनियम चिपचे सर्व्हर आणि ओपनव्हीएमएस ही त्यांवरची संगणक प्रणाली यांवर, आणि ती बदलायचं काम चालू असल्याचं २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. इंटेलनं इटॅनियमची शेवटची विक्री २०२१ मध्ये केली. एवढ्या मोठ्या संस्थेला, स्वतःचे अभियंते असताना, वेळ लागतो. आमच्याकडे तर मी एकटा.

माझं मत मात्र या चर्चेत बदललंय. मी भाषेपासून सुरुवात केली होती. काकांनी सांगितलेला डेटाचा कागद आधी, मग नियमांची जागा, आणि मग भाषा, असा क्रम आता मला पटतो. भाषा जावाच राहील, ओपनजेडीकेवर, चौकटी कमीत कमी. डेटा पोस्टग्रेसमध्ये, कारण तो एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेनं उद्या दुसऱ्या कोणत्याही भाषेतून वाचता येतो.

पाणीपट्टी

धागा शांतपणे वाचत होते. मी एका वेगळ्या नगरपरिषदेत संगणक अभियंता आहे. आमचीही निविदा पुढच्या महिन्यात निघणार आहे. दादा, एक विचारू? मागच्या ठेक्यात 'सोर्स कोड हस्तांतरित करावा' अशी अट होती. त्यांनी पेन ड्राइव्ह दिला, आम्ही पोच दिली, अंतिम देयक निघालं. वर्षभरानं पाहिलं तर कोड जुन्या आवृत्तीचा होता आणि दोन लायब्ररी (बाहेरून घेतलेले तयार कोडचे भाग) त्यात नव्हत्याच. अट होती, पाळली असं कागदावर आहे. मग लिहायचं तरी काय?

काळी माती

ताई, 'हस्तांतरित' हा शब्दच काढा. त्याऐवजी असं लिहा: नगरपरिषदेच्या ताब्यातल्या कोडवरून, नगरपरिषदेनं दिलेल्या कोऱ्या संगणकावर, ठेकेदाराच्या माणसानं कळफलकाला हात न लावता, फक्त लेखी सूचना वाचून तुमच्या माणसानं सॉफ्टवेअर बांधायचं. एका दिवसात बांधून झालं पाहिजे. बांधलेल्या सॉफ्टवेअरनं मागच्या वर्षाची निवडक बिलं काढायची आणि ती आधी दिलेल्या बिलांशी पैशापर्यंत जुळली पाहिजेत. जुळली तर अंतिम देयक. आणि हे एकदाच नाही, देखभालीच्या काळात दर वर्षी मार्चआधी. इंटरनेट बंद ठेवून करा, म्हणजे कुठल्या लायब्ररी बाहेरून येतात ते लगेच दिसतं.

निवृत्त महसूल

ही अट आमच्या वेळी असती तर फार बरे झाले असते. त्यात डेटाचीही घाला. संपूर्ण डेटा युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत, प्रत्येक रकान्याच्या अर्थासह, दर वर्षी.

पिंपळपान

आणि केंद्राची २०१५ ची मुक्त स्रोत सॉफ्टवेअरबाबतची धोरणं टिपणीला जोडा. 'असं कुठे लिहिलंय' असं विचारणाऱ्याला दाखवायला कागद लागतो.

पाणीपट्टी

खूप आभार. आज दुपारी टिपणी तयार केली. कोऱ्या संगणकाची अट अंतिम देयकाच्या कलमातच घातली आहे, वेगळ्या परिशिष्टात नाही, कारण परिशिष्ट कुणी वाचत नाही. मागच्या वर्षाची बिलं पीडीएफमध्ये आहेत. त्यातली पाचशे निवडायची म्हणतेय. कशी निवडू?

काळी माती

सरसकट काढू नका. वारस नोंद झालेली, वर्षाच्या मध्ये नळजोड तोडलेली, भाडेकरूच्या नावावरची, धनादेश परत आलेली आणि शास्ती माफी घेतलेली, अशी आधी वेगळी काढा. साधी बिलं कोणतंही सॉफ्टवेअर जुळवून दाखवतं. आणि निवड एकट्या करू नका. वसुलीच्या खिडकीवर जे बसतात त्यांना विचारा, कोणत्या खात्यांवर दर वर्षी भांडण होतं. ती यादी त्यांना तोंडपाठ असते.

पाणीपट्टी

विचारलं. बावन्न खाती त्यांनी बसल्या जागी सांगितली.